न कळण्याची किंमत : एका आठवड्याचा जमाखर्च

व्यापाऱ्याच्या वहीत दुकानाचे भाडे असते, हमाली असते, विजेचे बिल असते, बुडालेली उधारीही असते. एक खर्च मात्र कुणाच्याच वहीत सापडत नाही. एखादी साधी गोष्ट ठाऊक नसल्यामुळे जे पैसे जातात, त्यांचा तो खर्च. तो रोज होतो, थोडाथोडा होतो आणि वर्षअखेरीस नफा कुठे गेला म्हणून आपण नशिबाला बोल लावतो.

आगरदांडा हे राजपुरी खाडीच्या काठचे गाव. समोर दिघी, बाजूला मुरूड, पलीकडे समुद्र. अशा गावात कापडाचे दुकान चालवताना आम्ही एक रिवाज ठेवला आहे. रोजमेळ लिहून झाला की मागच्या पानावर त्या दिवशी नव्याने कळलेली एक गोष्ट लिहायची आणि ती आपल्या धंद्याला कुठे लागू पडते तेही लिहायचे. कुणाकडून कळली याला महत्त्व नाही. तांडेल असो, शिंपी असो, गिऱ्हाईक असो, नाहीतर पुस्तक असो. मागच्या एका आठवड्याची सात पाने व्यापारी बंधू आणि कारागीर बंधु-भगिनींसमोर ठेवीत आहोत.

शनिवार : चांदाची तारीख आणि खाडीची भरती

आमचे काही गठ्ठे होडीतून येतात. उधाणाच्या ओहोटीला पाणी फार खाली जाते, होडी धक्क्याच्या तळाशी राहते आणि दोन हमालांचे काम चारांवर जाते. म्हणून भरती किती वाजता हे आधी कळले तर हमालीत बचत होते. एका जुन्या तांडेलाला विचारले तर तो म्हणाला, "शेट, तिथीची पाऊणपट करा." म्हणजे चतुर्थीला ४ ची पाऊणपट ३, भरती साधारण तीन वाजता. अष्टमीला ८ ची पाऊणपट ६, भरती सहाच्या सुमारास. सकाळीही आणि संध्याकाळीही.

याचे कारण असे. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पुरी करते तोवर चंद्र आपल्या वाटेवर थोडा पुढे सरकलेला असतो. त्याला गाठायला पृथ्वीला आणखी सुमारे ५० मिनिटे लागतात. म्हणून भरती रोज तेवढीच उशिरा येते. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे. तांडेलाचे गणित शास्त्राच्या किती जवळ आहे पाहा.

आता आपल्या घरात तिथीचे पंचांग नसते, चांदाची तारीख असते. पण चंद्र एकच आहे. पहिला चांद दिसल्यावर दुसऱ्या दिवशी आपली पहिली तारीख, तेव्हा तिथी बहुधा तृतीया असते. २०२२ साली ३ मे रोजी आणि २०२३ साली २२ एप्रिल रोजी ईद-उल-फित्र आणि अक्षय तृतीया एकाच दिवशी आल्या, त्या याच कारणाने. तेव्हा चांदाच्या तारखेत २ मिळवा, की तिथी आली. चांदाची ६ तारीख म्हणजे अष्टमी, भरती सहाच्या सुमारास. पौर्णिमेनंतर तारखेतून १३ वजा करा. चांदाची २१ तारीख म्हणजे पुन्हा अष्टमी आणि पुन्हा सहा. चांद लवकर दिसला असेल तर एका दिवसाचा, म्हणजे पाऊण तासाचा फरक पडतो, तो पहिल्या दिवशीच खाडीवर पाहून घ्यावा. ज्याचा जीव पाण्यावर अवलंबून आहे त्याने सरकारी भरतीचे वेळापत्रकच पाहावे. गठ्ठे उतरवण्यापुरता हा हिशेब चोख चालतो.

रविवार : 'चाळीस नंबर' म्हणजे चाळीस काय?

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या मागवाल्या बंधूंना हे तोंडपाठ असेल. पण काउंटरवर बसणाऱ्या किती दुकानदारांना सांगता येईल? लुंगीवर ६० लिहिलेले असते, मलमलीवर ८० किंवा १००. गिऱ्हाईक विचारते, "हे ६० काय आहे?" आणि दुकानदार म्हणतो, "कंपनीचा नंबर आहे."

तो कंपनीचा नंबर नाही. ८४० वार सुताची एक लडी धरतात. एक पौंड, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅम, वजनात अशा जितक्या लड्या बसतात तो सुताचा नंबर. चाळीस नंबर म्हणजे एका पौंडात ४० लड्या, म्हणजेच ३३,६०० वार सूत. मीटरच्या हिशेबात हे अंतर ३० किलोमीटरच्या वर जाते. अर्धा किलोही वजन नाही, आणि धागा तीस किलोमीटर! नंबर जितका मोठा तितका धागा बारीक.

रेशीम आणि पॉलिएस्टरमध्ये मात्र उलट आहे. तिथे डेनियर चालतो. ९,००० मीटर धाग्याचे वजन जितके ग्रॅम तितके डेनियर. म्हणजे आकडा मोठा तर धागा जाड. सुती कापडाचा ८० म्हणजे तलम आणि पॉलिएस्टरचा १५० डेनियर हा ७५ डेनियरच्या दुप्पट वजनाचा, हे ज्याला कळते त्याला घाऊक बाजारातला दलाल आकड्यांनी फिरवू शकत नाही.

सोमवार : वार गेला, नऊवारी राहिली

एक कोळी मावशी लुगडे घ्यायला आल्या. "नऊवारी दाखवा" म्हणाल्या, आणि अंगठा व मधले बोट ताणून विती मोजू लागल्या. आपल्या देशात मेट्रिक मापाचा कायदा १९५६ साली झाला, नवे पैसे १ एप्रिल १९५७ पासून आले, त्यानंतर टप्प्याटप्प्याने वार जाऊन मीटर आला. आज विक्री मीटरनेच करावी लागते आणि मोजपट्टीवर वैधमापन खात्याचा शिक्का लागतो. पण बायांच्या तोंडी वार आहे तो आहेच.

एक वार ३६ इंचांचा, मीटर ३९.३७ इंचांचा. नऊ वार म्हणजे ८.२३ मीटर. बाजारात काही लुगडी पुरती ८ मीटरची येतात आणि नऊवारी म्हणून विकली जातात. २३ सेंटिमीटर म्हणजे सुमारे ९ इंच, पुरा पाव वार कमी. कासोट्याला ते पाव वार नेमके कमी पडते. मावशींची वीत हेच सांगत होती. आम्ही त्यांच्यासमोर पट्टी लावून मोजून दिले. पुढच्या खेपेला त्या आणखी दोघींना घेऊन आल्या.

दरातही हाच फरक आहे. १०० रुपये वार आणि १०९ रुपये मीटर हा भाव जवळपास एकच. घाऊक व्यापारी वाराचा भाव सांगून मीटरचा माल दाखवतो, किंवा उलटे करतो, तेव्हा शेकडा नऊचा फरक डोक्यात असू द्यावा. आणि मापताना अंगठ्यामुळे मीटरमागे एक सेंटिमीटर इकडे तिकडे गेला तर १०० मीटरच्या मालात एक मीटर जातो. जास्त गेला तर आपला, कमी गेला तर गिऱ्हाइकाचा. दोन्ही नुकसानच, दुसरे अधिक मोठे.

मंगळवार : आपल्या दुकानातले शब्द दुनियाभर

आमचे शिक्षण उर्दू शाळेतले. तिथे शिकलेली भाषा धंद्यात काय कामाची, असे पोरे विचारतात. मंगळवारी एक कॉलेजचा मुलगा डंगरी मागायला आला, तेव्हा त्याला हे सांगितले.

मुंबईतली डोंगरी आपल्या सर्वांना माहीत आहे. तिथे मिळणाऱ्या जाड्याभरड्या सुती कापडाला डुंगरी म्हणत. खलाशी ते वापरीत. इंग्रजांनी तोच शब्द उचलला आणि आज जगभर तो कामगारी पोशाखाचे नाव झाला आहे. खाकी हा शब्द 'खाक' म्हणजे धूळ यावरून आला. १८४० च्या दशकात पेशावरकडच्या गाईड्स पलटणीने धुळीच्या रंगाचा पोशाख धरला आणि पुढे तो सगळ्या फौजांचा झाला. पायजमा म्हणजे पायाचा जामा. शाल फारसीतून गेली. 'कॉटन' अरबी 'कुत्न'वरून, 'मस्लिन' इराकच्या मोसुल शहरावरून, 'डमास्क' दमिश्कवरून, 'कॅलिको' केरळच्या कालिकतवरून, 'बंदाना' बांधणीवरून.

या कॅलिकोची एक गोष्ट व्यापाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. हिंदुस्थानी छापील सुती कापड इंग्लंडात इतके खपू लागले की तिथल्या लोकर आणि रेशीमवाल्यांचे धाबे दणाणले. १७०० साली त्याच्या आयातीवर आणि १७२१ साली ते अंगावर घालण्यावरच बहुतांशी बंदी आली. ती १७७४ पर्यंत टिकली. म्हणजे आपला कारागीर त्यांच्याशी मालाच्या बाजारात हरला नव्हता, त्याला आधी कायद्याने रोखले गेले. आपला छपाईवाला, रंगारी, विणकर स्वतःला लहान समजतो तेव्हा त्याला हे सांगावे.

आणि आपल्या मराठी वहीत तरी काय आहे? जमा, खर्च, बाकी, वसूल, नफा, रक्कम, हिशेब, दलाल, दुकान, बाजार. हे सारे शब्द अरबी-फारसीतून आले आणि मराठी झाले. कोकणातला कोणताही वाणी त्यांच्याशिवाय एक दिवस व्यापार करू शकणार नाही.

बुधवार : आग खरे बोलते, पाणीही खरे बोलते

ताग्यावर 'शुद्ध सुती' छापायला काही लागत नाही. तपासायला मात्र चार धागे पुरे. कडेचे चार धागे चिमट्यात धरावे, खाली स्टीलची ताटली ठेवावी, जवळ पाणी असावे आणि काडी लावावी. सूत भराभर जळते, कागद जळल्याचा वास येतो, राख मऊ आणि करडी. लोकर किंवा रेशीम असेल तर केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरते. पॉलिएस्टर आधी आक्रसते, मग वितळते आणि थंड झाल्यावर कडक मणी उरतो. दोन्ही खुणा दिसल्या तर भेसळ, म्हणजे मिश्र सूत. एक सावधगिरी हवी. व्हिस्कोस किंवा रेयॉन हे लाकडाच्या लगद्यापासून होते, त्यामुळे ते सुतासारखेच जळते. तिथे आगीची साक्ष अपुरी पडते.

पाण्याची साक्ष वेगळी. मागावर सूत ताणलेले असते. कापड पहिल्यांदा भिजले की तो ताण सुटतो, धागे आपल्या मूळ जागी येतात आणि कापड आटते. अमेरिकेत सॅनफर्ड क्लुएट या गृहस्थांनी यंत्राने कापड आधीच आटवून देण्याची रीत काढली आणि १९३० साली तिचे पेटंट मिळाले. कापडावर 'सॅन्फोराइज्ड' असा शिक्का आपण पाहतो तो या सॅनफर्डच्या नावाचा. तसा शिक्का नसेल आणि कापड शेकडा पाच आटणारे असेल, तर अडीच मीटरच्या तुकड्यात साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे जवळपास पाच इंच जातात. शिवलेला कुर्ता पहिल्या धुण्यात आखूड झाला की गिऱ्हाईक शिंप्याशी भांडते, शिंपी दुकानदाराचे नाव सांगतो. "आधी भिजवून मग शिवा" हे चार शब्द विकताना सांगितले तर तिघांचीही इज्जत राहते.

गुरुवार : पंचेचाळीस दिवसांचा हक्क

आतापर्यंतच्या गोष्टी दहावीस, शेदोनशे रुपयांच्या होत्या. गुरुवारची गोष्ट एका घराच्या चुलीशी निगडित आहे.

आमच्याकडून कापड नेणारा एक तरुण शिंपी आहे. त्याने एका पर्यटक निवासाचे पडदे, उशांचे अभ्रे आणि गाद्यांच्या खोळी शिवून दिल्या. बिल ३८,००० रुपयांचे. पाच महिने झाले, पैसे नाहीत. "चाचा, रोज विचारायला गेलो तर पुढचे काम जाईल, नाही विचारले तर घर कसे चालवू?" असे तो म्हणाला. सूत आमचे, धागा उधारीचा, मेहनत त्याची आणि पैसा तिसऱ्याच्या गल्ल्यात बिनव्याजी फिरतो आहे. वाचकहो, आपल्या किती कारागिरांची हीच कथा आहे!

त्या संध्याकाळी एका हिशेबनीस मित्राकडून जे समजले ते आम्ही जसेच्या तसे उतरवले. २००६ सालच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे नोंदणी केलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेणाऱ्याने लेखी ठरलेल्या मुदतीत पैसे दिलेच पाहिजेत, आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठरवताच येत नाही. लेखी काही ठरले नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. बँक रेट समजा ६ टक्के धरला तर व्याज १८ टक्के. ३८,००० वर पहिल्याच महिन्याला ५७० रुपये. तरीही पैसे आले नाहीत तर राज्याच्या सुकरण परिषदेकडे अर्ज करता येतो.

नोंदणीचे नाव 'उद्यम'. ती १ जुलै २०२० पासून सुरू आहे, आधार क्रमांकावर होते आणि सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. त्यासाठी हजार-दोन हजार मागणारा माणूस आपल्या अज्ञानाची फी घेत असतो. नोंदणी काम घेण्याआधीच केलेली असावी, नंतर केली तर हक्कावरून वाद उभा राहतो. बिलावर तारीख आणि उद्यम क्रमांक लिहावा आणि माल पोचल्याची सही घ्यावी.

यात आम्हा व्यापाऱ्यांसाठी दोन गोष्टी आहेत. पहिली, नुसती खरेदी-विक्री करणाऱ्याला हे कवच नाही. व्यापाऱ्याला २०२१ पासून उद्यममध्ये नोंदणी करता येते, पण तिचा फायदा बँकेच्या प्राधान्य कर्जापुरता. दुसरी, आपण जेव्हा शिंप्याकडून, भरतकाम करणाऱ्या बाईकडून, छपाईवाल्याकडून काम करून घेतो तेव्हा देणेकरी आपण असतो. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात तरतूद आली आणि ती १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. अशा नोंदणीकृत उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी धरला जात नाही, प्रत्यक्ष पैसे देऊ त्या वर्षीच धरतात. थोडक्यात, कारागिराचे पैसे अडवले तर आपलाच कर वाढतो.

त्या शिंप्याची नोंदणी मशीनच्या कर्जासाठी पूर्वीच झालेली होती, कागद ट्रंकेत पडून होता. आम्ही बसून साध्या मराठीत, आदराच्या भाषेत एक पत्र लिहिले. त्यात बिलाची तारीख, रक्कम, उद्यम क्रमांक आणि कायद्याचे वर्ष एवढेच होते. धमकीचा एक शब्द नव्हता. शुक्रवारी दुपारी अर्धी रक्कम त्याच्या खात्यात आली आणि उरलेली महिन्याभरात देतो असा निरोप आला. बाकी अर्ध्यासाठी त्याने वहीत तारीख घातली आहे. पाच महिने तो पैसा ट्रंकेतल्या त्या कागदात अडकला होता.

शुक्रवार : खाडी किती दिवस राखण करणार?

आमच्या समोर दिघी बंदर आहे. २०२१ साली अदानी समूहाच्या बंदर कंपनीने ते घेतले. २८ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने देशात १२ औद्योगिक शहरांना मंजुरी दिली, त्यात दिघीचे नाव आहे. रेवस-रेडी सागरी महामार्गाच्या योजनेत आगरदांडा-दिघी पूलही आहे. आजवर आगरदांड्याहून दिघीला जायचे तर जंगलजेटीने अर्ध्या तासाच्या आत, आणि रस्त्याने फार मोठा वळसा. जेटीची वाट पाहणारा माणूस चहा पितो, दुकानात डोकावतो, रुमाल तरी घेतो. पूल झाला की तो गाडीची काचही खाली करणार नाही.

शुक्रवारी एका पुस्तकात पेटी-वाहतुकीची हकीकत वाचली. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन या अमेरिकन ट्रकमालकाचे 'आयडियल एक्स' हे जहाज ५८ अॅल्युमिनियमच्या पेट्या घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघाले. सुटा माल हमालांनी चढवायला टनाला जवळपास ६ डॉलर लागत, पेटीने चढवायला १६ सेंटच्या आसपास लागले. त्या एका फरकाने जगाचा व्यापार पालटला. चीनचा तागा आपल्या गावात आपल्या तालुक्याच्या मालाहून स्वस्त मिळतो, त्याचे एक मोठे कारण ही पेटी आहे.

सांगण्याचा मुद्दा असा की, लहान दुकानाला आजवर अंतराने सांभाळले. खाडी होती, घाट होता, खराब रस्ता होता. गिऱ्हाईक दूर जाऊ शकत नव्हते. वाहतूक स्वस्त झाली, पूल आले, फोनवर भाव दिसू लागले, की ही भिंत पडते. भावात आपण मोठ्या कंपनीला हरवू शकणार नाही. मग आपल्याकडे काय उरते? कापड हातात घेऊन हे आटेल की नाही, हे सूत आहे की नाही, नऊवारी पुरी आहे की पाव वार कमी, हे गिऱ्हाइकाच्या डोळ्यासमोर सिद्ध करून देणे. शेजारच्या कारागिराला त्याचा हक्क सांगणे. हे काम गोदामातून होत नाही, त्याला माणूस लागतो.

आठवड्याची बेरीज

सात दिवसांत या माहितीसाठी आमचा खर्च झाला तो दोन चहा आणि एक काडेपेटी एवढाच. मिळकत मोजता येते तेवढी मोजली: हमालीची बचत, तीन नवी गिऱ्हाईके आणि एका शिंप्याचे १९,००० रुपये, जे आमच्या गल्ल्यात आले नाहीत पण आमच्या मोहल्ल्यात आले.

बंधूंनो, एक वही घ्या. नवी नको, रोजमेळाची मागची पाने चालतील. रोज एक ओळ. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी मुलांकडून लिहून घ्यावी, म्हणजे मुलांनाही धंदा कळेल. आठवड्यातून एकदा ती ओळ शेजारच्या दुकानदाराला वाचून दाखवा. माल वाटला तर कमी होतो, माहिती वाटली तर बाजाराचीच पत वाढते. आणि ज्यांच्याकडे कारागिरांचे बिल पडून आहे त्यांनी वही उघडण्याआधी ते बिल चुकते करावे. पंचेचाळीस दिवस ही कायद्याची शेवटची हद्द आहे. भल्या व्यापाऱ्याने तिथवर जाऊच नये.